तवांग यादीतून काढ

प्रिय मनू,

तुझा अरुणाचलचा बेत वाचला. तवांग, झिरो, मेचुका, पासीघाट, नामदफा, आणि जमलं तर डोंगचा पहिला सूर्योदय. मार्चमधली दोन आठवड्यांची रजा आणि तुम्ही तिघी मैत्रिणी. बाबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हेलिकॉप्टर ठरलंय का?" मी पेन्सिल घेऊन बसले.

तू एकटी नाहीस, बरोबर दोघी आहेत, तेव्हा "मुलींनी इतक्या लांब कशाला" हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. माझी हरकत वेगळीच आहे. राफ्टिंग, ट्रेक, झुलते पूल तू हिरव्या शाईनं लिहिलेस आणि मठ, उत्सव, गावं लाल शाईनं. साहस एकीकडे, संस्कृती दुसरीकडे, आणि दोन्हींना मोजून दिवस. अरुणाचलात ही वाटणी टिकत नाही. का ते सांगते.

नकाशा समोर घे. कामेंग, सुबनसिरी, सियांग, दिबांग आणि लोहित या तिथल्या पाच मोठ्या नद्या. सगळ्या वरच्या पहाडातून येऊन खाली आसामच्या मैदानात उतरतात. हाताची बोटं फाकवून टेबलावर ठेव. बोटं म्हणजे नद्या, आणि मधल्या फटींमध्ये उभे डोंगर. शेजारच्या खोऱ्यात जायचं तर एक तर तो डोंगर चढून पलीकडे उतरायचं, नाहीतर खाली आसामात यायचं, मैदानातून आडवं जायचं आणि दुसऱ्या नदीच्या काठानं पुन्हा वर चढायचं. तवांगहून झिरोला निघालेली गाडी आजही बहुतेक करून आसामातूनच जाते. म्हणून नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसलं, तरी त्याचे दोन दिवस धरायचे.

आता दुसरी बाजू बघ. २०११च्या जनगणनेत या राज्यात माणसं होती १३.८ लाख, आणि त्यांत मोठ्या म्हणून मोजल्या जाणाऱ्या जमाती २६. पोटजमाती तर शंभरावर. एका खोऱ्यातली बोली पुढच्या खोऱ्यात कळेलच असं नाही, म्हणून आपापसांत लोक हिंदीत बोलतात. तीही कानाला गोड, व्याकरणाची फारशी फिकीर नसलेली हिंदी. तुमची सुमो ज्या डोंगरापायी दिवसभर रखडणार आहे, त्याच डोंगरानं ही माणसं एकमेकांपासून इतकी वेगळी राखली. वळणावळणाच्या रस्त्यात पोटात ढवळायला लागलं की हे आठव. उलटी थांबणार नाही, पण चिडचिड कमी होईल.

तेव्हा तवांग काढ. जागा वाईट म्हणून नव्हे. सतराव्या शतकातला तो मठ देशातला सगळ्यात मोठा आहे आणि बघण्यासारखाच आहे. पण ते राज्याचं पश्चिम टोक. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून तिकडचा रस्ताही सोपा झालाय, तिकडे कधीही जाता येईल. नामदफा आणि डोंग पूर्वेच्या टोकाला, तीही काढ. उरलं झिरो आणि पासीघाट, आणि त्यांच्यामधली दापोरिजो आणि आलो ही गावं. डोंगर आडवे ओलांडणारी ही वाट आहे आणि तिच्यावर पर्यटक तुरळकच भेटतात. मेचुका पेन्सिलीनं लिहून ठेव. आलोला पोचल्यावर रस्त्याची खबर घ्या आणि मगच ठरवा. मार्चमध्ये पाऊस सुरू होऊ शकतो, आणि तिथे पाऊस म्हणजे दरड.

झिरोला मात्र सैल हातानं दिवस द्या. पाच हजार फुटांच्या वर डोंगरांच्या मधोमध सपाट भातखाचरं पसरलेली, कडेनं पाइन आणि बांबू, आणि गावं अगदी दाट, घराला घर लागून. कारण उघड आहे. सपाट जमीन थोडी, ती भातासाठी राखायची, माणसांनी दाटीवाटीनं राहायचं. हे आपातानी लोक. त्यांच्या शेतात नांगर नाही, बैल नाही, सगळं हातानं. आम्ही ऑक्टोबरात गेलो तेव्हा कापणी चालली होती आणि बायका शेतातच फळीवर पेंढ्या आपटून भात झोडत होत्या. बांधांवर नाचणी! बाबा तर बांधावरच उकिडवे बसले, कणीस हातात घेऊन. खाचरांतून चर खणलेले असतात, त्यांत मासे वाढवतात. पाणी भरलं की मासे भातात हिंडतात, कमी झालं की चरात येतात. एका खाचरातून भात, नाचणी आणि मासे. तुमचा गाइड याला "हजारो वर्षांची परंपरा" म्हणेल. भाताचं ठीक आहे, पण मासे तिथे साधारण १९६०च्या दशकात आले. मला तर हेच जास्त आवडलं. चांगलं काही दिसलं आणि त्यांनी ते आपल्या रीतीत बसवून घेतलं. मार्चमध्ये तुम्हाला हिरवं काही दिसणार नाही, बांध लिंपायचं काम चालू असेल. फोटो मातकट येतील. येऊ देत.

मार्चचा खरा फायदा म्योको. हा सण गावांच्या तीन गटांकडे आळीपाळीनं येतो आणि यजमान गावाची दारं उघडी असतात. यंदा पाळी कोणाची, हे ज्यांच्या घरी उतराल त्यांना आधीच विचारून ठेव. न्यिबू म्हणजे त्यांचे पुजारी, ते तासन् तास मंत्र म्हणतात. डुकरांचा बळी देतात, तोही तुमच्या डोळ्यांदेखत. तुला आणि तुझ्या मैत्रिणींना ते बघवणार नसेल तर मागे उभ्या राहा, कोणी काही म्हणणार नाही. पण नाक मुरडायचं नाही आणि तिथे उभं राहून आपसांत मराठीत शेरेबाजी करायची नाही. भाषा कळली नाही तरी सूर कळतो.

घरं बांबूची, जमिनीपासून उचललेली. आत मधोमध चूल पेटलेली असते आणि तिच्यावर छतापासून टांगलेली फळकुटं. त्यांवर मांस धुरावर वाळत ठेवतात. डोळे झोंबतील. बसायला देतील तिथे बसायचं. तांदळाची दारू पुढे येईल. प्यायची नसेल तर ओठाला लावून ठेवून दे, हसतील आणि विषय बदलतील. तुमच्यातली जी शाकाहारी आहे तिनं आधीच सांगून ठेवावं. भात, पालेभाजी आणि कोवळ्या बांबूची आंबट भाजी यांवर ती मजेत राहील.

काही घरांपुढे बांबूच्या सोललेल्या काड्या रोवलेल्या दिसतील, त्यांना अंड्याची टरफलं अडकवलेली. ती पूजेची जागा असते, हात लावू नका. विधीनंतर एखाद्या घरात किंवा गावात परक्यानं जायचं नसतं. तसं सांगितलं तर "फक्त एक फोटो" म्हणून गयावया करू नका.

फोटोंवरून आठवलं. वयस्कर आपातानी बायकांच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदणाची निळी रेघ असते, हनुवटीवरही रेघा, आणि दोन्ही नाकपुड्यांत काळ्या चकत्या. १९७०च्या दशकात तिथल्या तरुणांनीच ही चाल बंद केली, त्यामुळे आता फक्त आज्याच उरल्यात. त्यांच्यामागे कॅमेऱ्यांची झुंबड असते. "शत्रूंनी पळवू नये म्हणून बायका कुरूप करायचे" ही गोष्ट तुम्हाला हमखास ऐकवतील. ऐकून घ्या, पण त्या आजींच्या तोंडावर बोलू नका. आपल्या चेहऱ्याला कोणी कुरूप म्हटलेलं कोणाला आवडेल? हाँग गावात एक आजी ओसरीवर बांबू सोलत बसल्या होत्या. एकानं न विचारता लेन्स रोखली. आजींनी मान फिरवली आणि काम चालूच ठेवलं. तो गेल्यावर मी तिथेच जरा टेकले. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या चमकीकडे बोट केलं आणि नातीला काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "आजी पूछ रही है, तुम्हारा इतना छोटा क्यों है?" आम्ही तिघी इतक्या हसलो की बाबा बघायला आले. फोटो मी काढला नाही, मागितलाही नाही.

ट्रेक करायचाच असेल तर झिरोजवळचं ताल्ले खोरं आहे, पांगेच्या बाजूनं. वाटाड्या गावातला घ्या. जळवांसाठी मीठ आणि लांब मोजे ठेवा. खाली उष्ण भागात डिमडाम नावाची चिमुकली माशी असते. चावते तेव्हा कळत नाही, नंतर रक्ताचा ठिपका उठतो आणि आठवडाभर खाजतं. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, फॅशन घरी.

झिरोहून पुढे दापोरिजो आणि आलो, प्रत्येकी एक अख्खा दिवस. सुमो पहाटे सुटते. सीट आदल्या दिवशी काउंटरवर जाऊन धरायची, मधल्या ओळीतली मागायची. मागच्या ओळीत बसलात तर मणक्यांची खैर नाही. रस्त्यात मिथुन आडवे येतील. गव्याचाच हा भाऊबंद, अर्धा जंगली. त्याचं दूध काढत नाहीत, त्याला कामाला जुंपत नाहीत. कानाला खाच पाडून मालकीची खूण करतात आणि रानात सोडतात. लग्नात, सणात, भांडण मिटवताना माणसाची ऐपत मिथुनांवर मोजतात. म्हणून ड्रायव्हर माणसांपेक्षा मिथुनांना जास्त जपून चालवतो.

आलोच्या आसपास वेत-बांबूचे झुलते पूल आहेत. हल्ली बऱ्याच ठिकाणी आधाराला लोखंडी तारा असतात, पण पायाखालच्या बांबूच्या फळ्यांमधून नदी दिसतेच. माझे पाय मध्यावर लटपटायला लागले. मागून शाळेची पोरं आली, दप्तरं पाठीला, एक जण तर काहीतरी खात होता. मला वाट देण्यासाठी ती कडेला सरकली आणि पूल आणखीच हलला. तुझ्या हिरव्या शाईतला "थरार" त्यांचा शाळेचा रस्ता आहे.

आणि सियांग. तिबेटात हिचं नाव त्सांगपो, खाली दिबांग-लोहितला भेटली की ब्रह्मपुत्र. त्सांगपो आणि ब्रह्मपुत्र एकच की वेगळ्या, यावर एकोणिसाव्या शतकात भूगोलवाले भांडत होते. १८८०मध्ये किंथुप नावाच्या सिक्कीमच्या माणसाला इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यानं एका लामाबरोबर तिबेटात धाडलं. त्यानं खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे आणि खाली आसामात लोकांनी पाळत ठेवायची, असा बेत. लामानं त्याला वाटेत गुलाम म्हणून विकलं आणि पसार झाला. किंथुप निसटला, पुन्हा अडकला, एका मठाच्या आश्रयानं सुटला, आणि एवढं झाल्यावरही त्यानं ओंडके सोडलेच, रोज ५० याप्रमाणे ५००. खाली बघायला कोणीही नव्हतं. त्याचा निरोप पोचलाच नव्हता, आणि ज्यानं त्याला पाठवलं तो अधिकारी केव्हाच देश सोडून गेला होता. पासीघाटला काठावर उभं राहून हे मैत्रिणींना सांग, मग राफ्टमध्ये बसा. तुतिंगपासून खालची मोठी मोहीम अनुभवी लोकांसाठी आहे, ती तुमची नव्हे. पासीघाटजवळचा छोटा टप्पा पुरे. तोही नदी शांत असेल तरच, आणि चालवणारा "नाही" म्हणाला तर ते नाहीच.

त्या पट्ट्यात घरांवर पांढरे झेंडे दिसतील, मध्ये लाल सूर्य. दोन्यी-पोलो, म्हणजे सूर्य-चंद्राला मानणाऱ्यांची ती खूण. १९८०च्या दशकात तालोम रुकबो यांनी या श्रद्धेला प्रार्थनागृहं आणि लिहिलेल्या प्रार्थना दिल्या. शेजारच्या घरावर क्रूसही असेल, राज्यात ख्रिस्ती खूप आहेत. "मूळचं कोणतं" असे प्रश्न विचारू नका. एकाच घरातले दोन भाऊ दोन्हीकडे असू शकतात.

आता कामाचं. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरायचा परवाना, आपल्यालाही लागतं. १८७३च्या इंग्रजी कायद्यातून आलेली ही पद्धत अजून चालू आहे. अर्ज ऑनलाइन होतो. छापील प्रती चार-चार काढा, नाक्यावर मोबाइलमधली प्रत बघायला रेंज नसते. रोख पैसे आलोपर्यंत पुरतील इतके घ्या. गुवाहाटीहून रात्रीची दोन्यी पोलो एक्सप्रेस नाहरलागुनला सोडते, तिथून झिरोची सुमो. घड्याळ आपलंच, पण सूर्य फार पूर्वेचा. मार्चच्या मध्यावर पहाटे सव्वापाचला उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाचलाच मावळतं. नऊ वाजता आवरून निघायची तुझी सवय तिथे अर्धा दिवस खाईल.

तुझ्या मैत्रिणींना हे पत्र वाचून दाखव आणि नवा बेत पाठव. परतीचं विमान मात्र शेवटच्या सुमोच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नकोस. बाबा म्हणतात मध्ये एक दिवस मोकळा ठेवा, मी म्हणते दोन.

तुझी,
आई