उंदराचं पिल्लू, पहिलं दूध आणि बाबांचे उपास

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आईच्या तोंडून निसटलं, की बाबांनी तीन आठवड्यांपासून रात्रीचं जेवण सोडलंय आणि सकाळचा नाश्तासुद्धा. गुरुवारी अंगणात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं. बाबा, शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलात आणि मला कळूही दिलं नाहीत. काल रडू आलं, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमच्याकडे आलेला मेसेज मी वाचला. उपाशी राहा, पेशी आपला कचरा आपणच खातात, याला नोबेल मिळालंय. नोबेल मिळालंय हे खरं. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना मिळालं, पण यीस्टच्या पेशींत ही ऑटोफॅजी कशी चालते ते शोधून काढल्याबद्दल. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाने किती वेळ उपाशी राहावं, याच्याशी त्या नोबेलचा काही संबंध नाही. आई म्हणाली, आजीचं शेवटी सगळं विसरणं तुमच्या मनातून जात नाही, मेंदू स्वच्छ राहावा म्हणून हा खटाटोप. ती धास्ती मलाही आहे. इथे टोकियोत माझा दिवस ज्या प्रथिनासोबत जातो, त्याचंच हे काम आहे.

त्याचं नाव एटीजी-५. उंदरात ते २७५ अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनांच्या विटांचं, असतं, म्हणजे तसं लहानच. आई, करंजी डोळ्यांसमोर आण. पेशीत आधी एक पातळ, वाटीसारखी वळलेली पारी तयार होते. मोडका मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग), गुठळ्या झालेली प्रथिनं असं काहीबाही ती पोटात घेते आणि कडा मिटतात. मग ही पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीच्या पचन करणाऱ्या पिशवीला, जाऊन मिळते, आतलं सगळं विरघळतं आणि सुटी झालेली अमिनो आम्लं पेशी पुन्हा वापरते. बाबा, एटीजी-५ म्हणजे आपल्या स्लॅबचं सेंट्रिंग समजा. ते एटीजी-१२ला कायमचं जोडलेलं असतं, सोबतीला एटीजी-१६एल-१. ही तिघं वाढत्या पारीवर बसतात आणि एलसी-३ नावाचं प्रथिन तिच्यातल्या स्निग्ध रेणूंना चिकटवायला मदत करतात. पिशवी पुरी झाली की ही तिघं तिथून निघून जातात, एलसी-३ काही प्रमाणात आत राहतं. म्हणून आम्ही एलसी-३ला हिरवं चमकणारं प्रथिन जोडतो. मायक्रोस्कोपखाली काळोखात हिरवे ठिपके दिसतात, आणि ठिपका दिसला की समजायचं, तिथे एक पिशवी आहे.

संशोधक नोबोरू मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एटीजी-५ नसलेले उंदीर तयार केले. २००४ साली त्यांनी जे दाखवलं, ते मी कितीदा वाचलं तरी जीव गलबलतो. बाळ जन्मलं की नाळेतून येणारं पोषण एकदम तुटतं, आणि आईचं दूध सुरू व्हायला थोडा अवधी जातो. त्या मधल्या भुकेत साध्या पिल्लाच्या हृदयात, श्वासपटलात ऑटोफॅजी काही तासांतच जोरात वाढते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. एटीजी-५ नसलेली पिल्लं जन्मतः जवळजवळ धडधाकट दिसतात, पण दिवसभरात दगावतात. दूध न देता ठेवलं तर साधी पिल्लं सुमारे २१ तास तग धरतात, ही सुमारे १२. त्यांच्या रक्तातली अमिनो आम्लं घटलेली असतात.

नवजात पिल्लू दीडेक ग्रॅमचं, गुलाबी, बिनकेसाचं असतं. कातडी इतकी पातळ, की दूध प्यालेलं असलं तर पोटाच्या डाव्या अंगाला पांढरा डाग बाहेरून दिसतो. सकाळी पिंजरा उघडला की मी आधी तो डाग शोधते. एटीजी-५ नसलेल्या पिल्लांत तो नसतो, त्यांना दूध ओढताच येत नाही. २०१६ मध्ये एटीजी-५ फक्त चेतापेशींत, म्हणजे मेंदू आणि नसांच्या पेशींत, परत घालून पाहिलं, तेव्हा ती पिल्लं दूध प्यायली आणि जगली. बाकीच्या शरीरात ते नव्हतं, तरीही.

आता बाबा, तुमच्या कामाची गोष्ट. २००६ साली उंदरांच्या फक्त चेतापेशींतून एटीजी-५ काढून टाकलं गेलं. हे उंदीर उपाशी नव्हते, पोटभर खाणारे होते. तरी त्यांच्या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचत गेल्या, चाल बिघडली, तोल जायला लागला. याचा अर्थ मेंदूतली ही झाडलोट उपासाची वाट पाहत नाही, भरल्या पोटीही रोज चालू असते. तुमच्या मेंदूत ती सुरू व्हावी म्हणून तुम्ही घाम फुटेपर्यंत उपाशी राहायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, ऑटोफॅजी वाढवली की आयुष्य वाढतं असंही आलंय. आलंय. २०१३ साली कोरियातल्या संशोधकांच्या उंदरांचं मध्यक आयुष्य (निम्मे उंदीर जितकं जगतात ते) सुमारे १७ टक्क्यांनी वाढलं होतं. पण त्यांच्यात जनुक बदलून एटीजी-५ जास्त तयार करवलं होतं, कुणी त्यांचं जेवण तोडलं नव्हतं. शिवाय उंदीर एवढासा जीव, एका दिवसाच्या उपासाने त्याचं वजन भराभर उतरतं. त्याचे तास माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मी रोज उंदरांसोबत असते, तरी तुमच्यासाठी तासांचा आकडा सांगायला धजावणार नाही.

तेव्हा बाबा, आजपासून रात्री भाकरी आणि आमटी घ्या, सकाळी नाश्ता करा आणि गोळी डॉक्टरांनी सांगितलीय तशी. गुरुवारी काय झालं ते याच आठवड्यात जाऊन त्यांना सगळं सांगा, गोळीच्या मात्रेचं तेच ठरवतील. आई, तुझी एकादशी तू आयुष्यभर करत आलीस, तिला माझं काही म्हणणं नाही. फक्त त्या दिवशी बाबांना तुझ्यासोबत उपाशी बसवू नकोस. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी ठेव.

रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करते. शुगर मोजून वहीत लिहून ठेवा, मी आकडे विचारणार आहे.

तुमची,
लेक