तृप्ती शिकावी लागते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की शरणपूर रोड, नाशिकरोड भागातल्या ख्रिस्ती घरांत खरेदीच्या याद्या निघतात आणि बरीचशी खरेदी हप्त्यांवर होते. खरे तर नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा वाट पाहण्याचा आणि आवरते घेण्याचा. सण २५ तारखेला सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. आपण मात्र पंगत मांडण्याआधीच जेवून उठतो.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात (४:११) प्रेषित पौल म्हणतो की, आहे त्यात तृप्त राहायला मी शिकलो आहे. आणि हे तो कैदेतून लिहितो. म्हणजे तृप्ती उपजत नसते, सवयीने येते. रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेले अन्न म्हणजे मान्ना; त्याचा नियम (निर्गम १६) हीच सवय लावणारा होता. माणशी एक ओमर, म्हणजे अदमासे दोन लिटर. उद्यासाठी ठेवला तर किडे पडत; सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, कारण सातवा दिवस विसाव्याचा.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. ते सगळ्यांना झेपणारे नाही. संसारी माणसाने पगार हाती येताच त्याच दिवशी दशांश, म्हणजे देवाच्या नावाने द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, वेगळ्या पाकिटात काढावा. 'महिनाअखेर उरेल ते देऊ' म्हटले की काहीच उरत नाही, खर्च मिळकतीएवढा फुगतोच. डोक्यावर कर्ज असेल तर थोड्या रकमेने सुरुवात करावी, पण ती चुकवू नये.

रविवारचा विसावा शनिवारी संध्याकाळी सुरू होतो: भाजी निवडून, वाटण करून, कपड्यांना इस्त्री करून. यात पुरुषांनी हात लावला नाही तर विसावा त्यांचाच होतो आणि घरातली बाई उपासनेला दमूनच पोहोचते. ही चूक सर्रास दिसते.

सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी बायबलमधली रोज पाच स्तोत्रे ओळीने वाचली तर १५० स्तोत्रे तीस दिवसांत होतात. चोविसाव्या दिवशी ११९वे येते, तब्बल १७६ वचनांचे, आणि तिथे क्रम तुटतो. त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत. रोज दोन-तीन भाग वेगळे वाचावेत, महिना थोडा लांबला तरी चालेल.

लग्नाबद्दलही बोलायला हवे. चर्चमधला विधी साधारण तासाभराचा असतो. कर्ज होते ते लॉन्सवरच्या रिसेप्शनपायी. चर्चच्या आवारात साधे जेवण आणि एक गोड पदार्थ एवढ्यावर वडीलधाऱ्यांनी आधी आपल्या घरचे लग्न करून दाखवावे, मग इतरांना सांगावे.

आणि ज्याच्या घरी पीठ संपले आहे त्याला तृप्तीचा उपदेश कोणीही करू नये. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने (२:१५-१६) अशा कोरड्या शब्दांना निरुपयोगी म्हटले आहे. अशा घराच्या दारी आधी दशांशाचे ते पाकीट जावे, तेही नाताळाच्या आत.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक, नाशिक