कापडी लंगोट आणि पाळणाघरांचा नियम

महोदय,

ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याविषयी आपल्या दैनिकातून सातत्याने लिहिले जाते. परंतु ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घरातील कचऱ्याचा डबा भरून टाकणाऱ्या डायपरचा उल्लेख त्यात ओझरताच येतो. आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो, पुण्यातील एका गृहसंकुलात राहतो आणि आमच्या मुलीसाठी जन्मापासून मुख्यतः कापडी लंगोटच वापरत आलो आहोत. हा अनुभव आणि नात्यातल्या, शेजारच्या पालकांशी झालेले बोलणे यांवरून एक गोष्ट मांडावीशी वाटते. कापड की डायपर हे आईवडील ठरवतात असे वरवर दिसत असले, तरी ते बहुतेक वेळा पाळणाघराच्या नियमावर, सोसायटीच्या फलकावर आणि नळाला पाणी किती वेळ येते यावर ठरते.

पहिले तीन-चार महिने आजीने जुन्या सुती साड्या फाडून शिवलेले बंदाचे लंगोट आणि दुपटी पुरली. या वयात दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज होतात. ते खळबळायचे, धुवायचे, वाळत घालायचे आणि घड्या करून ठेवायचे, हे काम घरात कोणाच्या वाट्याला येते यावर सगळा प्रयोग टिकतो किंवा मोडतो. आमच्याकडे धुण्याचे काम मी घेतले म्हणून तो टिकला. ओळखीच्या दोन घरांत ते बाळंतिणीवरच पडले आणि महिन्याभरात डायपरची पाकिटे आली. त्यात त्या मातांना दोष देण्यासारखे मला काही दिसत नाही. ‘आमच्या वेळी सगळे कापडावरच निभावले’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांनी, तेव्हा ते कापड कोण धूत होते हेही सांगायला हवे.

पुढे टिचबटणांचे नवे कापडी डायपर घेतले. बाहेर पाणी न झिरपणारे कापड आणि आत शोषून घेणारी घडी अशी त्यांची रचना असते. एकेकाची किंमत तीनशे ते पाचशे रुपयांच्या घरात असल्याने सुरुवातीचा खर्च डोळ्यांवर येतो. मात्र दहा-पंधरा रुपयांचा एक वापरून फेकायचा डायपर दिवसाला चार-पाच वेळा बदलण्याचा हिशेब मांडला, तर तो काही महिन्यांत भरून निघतो आणि दुसऱ्या अपत्याच्या वेळी तर खर्च जवळपास नसतोच. त्यांची निगा मात्र शिकावी लागते. कपडे मऊ करणारे द्रावण वापरले, तर घडी पाणी शोषेनाशी होते. पुरळासाठी लावलेल्या मलमाचा थर बसला, तरीही तेच होते. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, म्हणून एकदा जास्त पाण्यातून काढावे लागते. रात्री सलग झोप हवी असेल किंवा लांबचा प्रवास असेल, तर आम्हीही डायपर वापरतो आणि त्याची खंत बाळगत नाही.

पावसाळा ही खरी परीक्षा. रत्नागिरीच्या नातलगांकडे जून ते सप्टेंबर लंगोट पंख्याखाली वाळतात आणि इस्त्री फिरवली तरी कोंदट वास जात नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागलेल्या लातूरसारख्या शहरात टंचाईच्या काळात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या कुटुंबाला ‘कापड वापरा’ असे सांगणे तर मला अप्रशस्तच वाटते.

ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका बाळाच्या अडीच वर्षांचे कार्बन उत्सर्जन डायपरसाठी सुमारे ५५० किलो आणि कापडासाठी सुमारे ५७० किलो, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले होते. मात्र यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो, असेही त्यात म्हटले होते. विजेवर कपडे वाळवण्याची सवय आपल्याला नाही. वर्षातील सात-आठ महिने ऊन फुकट मिळते. असे असताना अनेक गृहसंकुलांत ‘दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत’ असे फलक लागलेले असावेत आणि गच्चीलाही कुलूप असावे, हे अनाकलनीय आहे.

डायपरमध्ये प्लास्टिकचे थर, लाकडाचा लगदा आणि ओलावा धरून ठेवणारी रासायनिक भुकटी हे सारे एकत्र असते, त्यामुळे त्याचे खत होत नाही आणि पुनर्वापरही अवघड असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी नागरिकांवर आणि त्यासाठी पाकिटासोबत पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली होती. अशी पिशवी किती पाकिटांतून निघाली, हे पालकांनीच आठवून पाहावे. पुण्यातील ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी या नियमांच्याही आधी, २०१३ मध्ये, वापरलेले सॅनिटरी पॅड थेट कंपन्यांना परत पाठवले होते, ते अशाच कचऱ्याच्या संतापातून. कारण उघड्या हातांनी हा कचरा त्यांनाच वेगळा करावा लागतो.

राहिला प्रश्न पाळणाघरांचा. सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपली की नोकरदार आईचे मूल दिवसाचे आठ-नऊ तास तेथे असते. आम्ही चौकशी केलेल्या बहुतेक पाळणाघरांनी ‘फक्त डायपर’ ही प्रवेशाची अटच घातली होती. तेथील ताईंवर अनेक मुलांचा भार असतो, त्यामुळे धुण्याचे काम त्यांनी करावे अशी अपेक्षा कोणीच ठेवू नये. परंतु टिचबटणांचा लंगोट बदलायला डायपरइतकाच वेळ लागतो, आणि ओला लंगोट चेन असलेल्या जलरोधक पिशवीत घालून संध्याकाळी घरी परत देता येतो. आमच्या मुलीला घेणाऱ्या पाळणाघराने ही व्यवस्था मान्य केली. शी असलेला लंगोट तसाच गुंडाळून ठेवायचा, बाकीचे आम्ही पाहायचे, एवढेच ठरले. केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या कार्यक्रमातील ‘पाळणा’ योजनेखालच्या अंगणवाडी-सह-पाळणाघरांच्या सूचनांमध्ये ‘पालकांनी पुरेसे लंगोट आणि पिशवी दिल्यास कापडी लंगोट नाकारू नयेत’ एवढे एक वाक्य महिला व बालविकास विभागाने घालावे, आणि खासगी पाळणाघरांनीही त्याचे अनुकरण करावे, अशी विनंती आहे.

एक पालक, पुणे