वर्तुळाचा बटाटा

फोंडा,
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, वर्तुळ कोरायला सांगितलं की तुझं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन, बटाटा कोरतं, आता ते भंगारात देणार. देऊ नकोस. गेल्या वर्षी चवथीच्या तोंडावर मीही याच थराला आलो होतो. तुझं-माझं मशीन एकच, तेव्हा माझा मूर्खपणा ऐकून घे.

गणपतीच्या मखराची जाळी करायला घेतली होती. दहा मिलिमीटरची खाच मागितली की यायची ९.८. मी लगेच शहाणपणा केला. आपल्या मोटरला एका फेऱ्याला २०० स्टेप, म्हणजे छोटे टप्पे, मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप, आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात मशीन आठ मिलिमीटर सरकतं, म्हणजे मिलिमीटरला ४०० स्टेप. सेटिंगमध्ये ते मी ४०८.१६ केलं. खाच अगदी दहा! आईला बोलावून दाखवली. मग अडीचशेची पट्टी कापली, तर ती जवळजवळ पाच मिलिमीटर जास्त. सागाची होती रे.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. चूक स्टेपमध्ये असती तर ती लांबीबरोबर वाढली असती. माझी चूक मात्र दहाला ०.२ आणि शंभरालाही ०.२ होती. जी चूक लांबी कितीही असली तरी तेवढीच राहते, ती दिशा बदलताना वाया जाणाऱ्या फेऱ्याची, म्हणजे प्लेची. तुझं वर्तुळही त्याचमुळे चार ठिकाणी चपटं होतं बघ, जिथे एकेक अक्ष उलट फिरतो तिथे. ४०० परत टाक आणि त्या आकड्याला हात लावू नकोस. ग्रब्लमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्ले भरून काढायची सोय नाही, ती लोखंडातच शोधावी लागते.

डायल गेजचं, म्हणजे बारीक हालचाल मोजणाऱ्या तबकडीचं, टोक स्पिंडलच्या (पातं फिरवणाऱ्या मोटरच्या) पट्टीला टेकव. एकाच दिशेने दोनदा सरकव, काटा शून्यावर आण, मग उलट दिशेने ०.०१ च्या पायरीने ढकलत राहा. काटा हलेपर्यंत जेवढं मोजलंस तेवढा प्ले. माझा ०.२ निघाला. मी स्क्रूवरच्या नटाला शिव्या घालत स्प्रिंगवाला नवा नट बसवला, तर उरला ०.१२! शेजारचे मेस्त, म्हणजे सुतार, बघायला आले, त्यांनी स्क्रूच्या टोकावर अंगठा ठेवला, मला मशीन मागे-पुढे करायला लावलं आणि म्हणाले, "हांगा हालता मरे." म्हणजे इथे हलतंय रे. अख्खा स्क्रूच लांबीत सरकत होता. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलरचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) मोटरच्या शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसलाच नव्हता, आणि दुसऱ्या टोकाला बेअरिंगला टेकणारी कॉलर, म्हणजे स्क्रूला सरकू न देणारं कडं, नव्हती. दोन्ही नीट केलं. प्ले राहिला ०.०३, आणि लाकडाला एवढं पुष्कळ झालं. डायल गेजला पैसे मोजलेले मी, निदान केलं अंगठ्याने.

बाकी किरकोळ. बिटचा, म्हणजे कापणाऱ्या पात्याचा, खरा व्यास कॅलिपरने मोज, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नकोस. कोलेट, म्हणजे बिट पकडणारी चिमट, ब्रशने साफ कर, भुसा अडकला की बिट डोलतो. बिट बाहेर जास्त काढू नकोस, वाकतो. आणि शेवटचा ०.२ मिलिमीटर एका हलक्या पासात काढ, कडा आपोआप सरळ होते.

आता पावसाचं. तुमच्या सावंतवाडीला हे वेगळं सांगायला नको. कामाच्या खालची एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेली) फळी ओलाव्याने फुगते, आणि मग एकाच खोलीची अक्षरं मध्ये खोल आणि कडेला पुसट येतात. दर पावसाळ्यात मी रुंद बिटने ती फळी अर्धा मिलिमीटर तासून घेतो. लाकूडही आडव्या तंतूत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून आडवी खाच जरा सैल ठेव. गेल्या वर्षी मी घट्ट ठेवली आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री जाळी रबरी हातोड्यानेही बसेना. शेवटी कानस काढली. मशीनच्या मालकाने कानस घासत बसणं, याहून मोठी बेअब्रू काय असते सांग.

विजेचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. गडगडलं की लाईट जाते आणि मशीन आपण कुठे होतो तेच विसरतं. आकाश काळं झालं की मी काम बंद करून चहा घेतो.

यंदा मखराला शिवणीच्या लाकडाची जाळी करतोय. तुझ्याकडे फळी पडली आहे म्हणालास ना? ती बसने आधीच पाठवून दे, तू चवथीला ये. इथल्या हवेत निदान पंधरा दिवस पडून राहू दे, मगच मी तिला मशीनवर चढवणार.

तुझा,
भाई

ता. क. कपलरचा स्क्रू आवळायला दोन मिलिमीटरची ॲलन की लागेल. तुझी हरवली असणारच, फळी घेऊन येणाऱ्या कंडक्टरकडे परतीच्या वेळी माझी पाठवतो.