पुस्ती न जोडता फोटो पाठव

चिपळूण,
२ मार्च

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलायला गेले असते तर तू ‘आई, मीटिंग आहे’ म्हणाली असतीस, म्हणून पत्र.

परवाचा फोटो पाहिला. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी ते गुलाबी झाड, औषधाला पान नाही, नुसती फुलं. खाली रिक्षा उभी आणि तिच्या टपावर फुलांचा खच. मी फोटो मोठा करकरून पाहत होते. मग खालची पुस्ती वाचली, ‘पण आपल्याकडच्या मोहोराची सर नाही.’

ही पुस्ती कशाला गं? ऑक्टोबरपासून तुझ्या तोंडून बंगळूरबद्दल एक चांगला शब्द नाही. सिल्क बोर्डचं ट्रॅफिक, घराचं डिपॉझिट, सांबारातला गूळ. मी आपली हूं हूं करते, पण तुझा आवाज ओळखते ना मी. तिथे तुला बरं वाटायला लागलंय आणि ते आम्हाला कळू नये म्हणून तुझी धडपड चाललीय. शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा आपण नसणार, वर मजेत आहोत हेही कळलं तर आईला काय वाटेल. असंच ना?

मला हे कळतं, कारण मीही तेच केलंय. १९८८ साली बँकेत लागले आणि नेमणूक थेट नागपूरला. खाडी आणि पाऊस सोडून काही न पाहिलेली मी, धरमपेठेत एका घरी वरच्या खोलीत राहू लागले. आजीला दर आठवड्याला आंतरदेशीय पत्र जायचं: ऊन फार, भाजीवर तेलाचा तवंग, ताजे मासे डोळ्यांनाही दिसत नाहीत. खोटं त्यात काही नव्हतं. पण फेब्रुवारीत एका खातेदार शेतकऱ्याने आम्हा चार-पाचजणींना काटोलजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत नेलं, ते मी आजीला कधी लिहिलंच नाही.

तिकडे थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, आपल्याला वाटावं झाड गेलं. मग पाणी सोडलं की काही दिवसांत फांदी न् फांदी कळ्यांनी भरते. हा आंबिया बहार. आम्ही बांधावर पाऊल ठेवलं आणि तो वास! मोगऱ्याच्या जातीचा, पण हलका, शेवटी जरासा कडवट. मधमाश्यांचं गुणगुणणं एवढं, की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. खाली पडलेली फुलं पदरात बांधून आणली, उशाशी ठेवली. सकाळी तपकिरी पडली होती, वास मात्र तसाच. पुढे होळीच्या सुमाराला रामटेकच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून पळस पाहिला, मैलभर नुसता केशरी. त्या रात्री आजीला काय लिहिलं असेन? ‘इकडे आता उकडायला लागले आहे.’

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती सगळी पत्रं सापडली, सुतळीने बांधलेली. एका बैठकीत वाचून काढली. त्या माउलीला शेवटपर्यंत वाटत राहिलं असणार, की आपली पोर चार वर्षं तिथे नुसती भाजून निघाली.

तुझा फोटो पाहून बाबांनी अख्खी दुपार वाचनात घालवली. हे झाड टॅबेबुया, मूळचं अमेरिका खंडातलं. आणि तुमच्या तिथल्या लालबाग उद्यानाची जबाबदारी १९०८ मध्ये ज्याच्याकडे आली तो क्रुंबिगल जर्मन होता, त्याआधी बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे नोकरीला. एक झाड फुलून सरलं की दुसरं फुलावं, वर्षभर शहरात कुठे ना कुठे फूल असावं, अशा बेताने त्याने बंगळुरात झाडं लावली म्हणे. बाबा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगत सुटलेत. कालच दूधवाल्याला ऐकावं लागलं.

रविवारी ऊन चढायच्या आत कब्बन पार्कात जा, लॅपटॉप घरी ठेवून. जॅकरंडाची जांभळी फुलं आता येतीलच. त्यानंतर तिथे ज्याला होंगे म्हणतात ते झाड बघ. ते आपलं करंजच, खाडीकाठचं, ज्याच्या शेंगांनी तुम्ही पोरं खेळायचात. आधी अशी काही पोपटी पालवी फुटते की ऊन तिच्यातून आरपार जातं, मग बारीक फुलं गळून रस्त्यावर चुरमुरे सांडल्यासारखी दिसतात. पाडव्यालाच तिकडे उगादी. घरमालकीणबाई बेवु-बेल्ला देतील, कडुलिंबाची फुलं आणि गूळ. नाक मुरडू नकोस, इथे तुला कोवळी पानं खायला लावायची तर घरभर पळवायचीस, फुलं त्या मानाने सोपी.

आणि फोटो पाठव, पुस्ती न जोडता.

तुझी,
आई

ता. क. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्यात. दक्षिणेकडच्या फांदीला यंदा फारसं काही धरलं नाही. सांगणार नव्हते, पण तू विचारशीलच.