वाफेने गाडी धुताना नोझल किती लांब धरायचं ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाफेने गाडी धुण्याबद्दल दोनच टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे रंग जळतो, नादाला लागू नका, आणि दुसरं म्हणजे पाणी वाचतं, जंतू मरतात, बिनधास्त करा. मी गेली काही वर्षं गाडी वाफेनेच साफ करतोय आणि मला दोन्ही अर्धवट वाटतात.

रंग जळण्याचं आधी बघू. मशीनच्या बॉयलरमध्ये वाफ दीडशे डिग्रीच्याही वर जाते हे खरंय, पण नोझलमधून बाहेर पडली की ती पसरते, हवेत मिसळते आणि झपाट्याने गार होते. कंपनीत गाडीचा रंग साधारण १४० डिग्रीच्या ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे वीतभर अंतर ठेवून नोझल सतत हलतं ठेवलं तर चांगल्या अवस्थेतल्या मूळ रंगाला काही होत नाही. प्रश्न येतो नंतर मारलेल्या रंगाचा. गॅरेजमध्ये ६० डिग्रीच्या आसपासच वाळवतात, कारण तयार गाडीत प्लास्टिक, वायरिंग, रबर सगळं असतं, ते १४० ला टाकता येत नाही. माझ्या गाडीचा पुढचा बंपर असाच परत रंगवलेला आणि त्यावर दगड लागून बारीक टवका उडालेला. साफ करणाऱ्या मुलाने तिथला किडा निघेना म्हणून नोझल अगदी टेकवून धरलं, दहा सेकंद पण नसतील, तर टवक्याच्या कडेने वाफ आत शिरली आणि नखाएवढा फोड आला, बोट लावलं तर रंगाची सालपटंच हातात आली. चूक त्या मुलाची म्हणणार नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं आणि मी पण बंपर रंगवलाय हे बोललो नव्हतो. गाडीवर चिकटवलेली फिल्म आणि स्टिकर यांचं पण तसंच, वाफेने गोंद सुटतो, जुने स्टिकर काढायला लोक मुद्दाम वाफच वापरतात.

पण मला विचाराल तर जास्त नुकसान उष्णतेने नाही, फडक्याने होतं, आणि यावर कुणीच बोलत नाही. पाइपने गाडी धुतली तर मिनिटाला दहाएक लिटर पाणी सहज जातं, वाफेच्या मशीनला अख्ख्या गाडीला काही लिटर पुरतात, ही बचत मोठीच आहे, पण पाइपचं तेच वाहतं पाणी वाळूचे कण सोबत घेऊन जात असतं. वाफ चिखल मऊ करते, वाहून नेत नाही, तो तिथेच राहतो आणि मग आपण तो पुसतो. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसाइतका पण जाड नसतो बऱ्याचदा, त्यावर वाळू घासली की काय होणार? उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील त्या याच्याच. म्हणून गाडी नुसती धुळीने माखलेली असेल तर वाफ उत्तम, चिखलाचे थर असतील तर आधी साध्या पाण्याने ते उतरवा, मगच वाफ, आणि मायक्रोफायबरचं फडकं दर पॅनलला पलटा, एकाच फडक्याने अख्खी गाडी नको.

बाकी थोडक्यात. मेणाचं पॉलिश वाफेने उतरतं, ते परत मारावं लागतं. काचेला बारीक तडा असेल आणि काच थंडगार असेल तर तिथे वाफ मारू नका, तडा लांबतो. इंजिनाजवळ फ्यूज बॉक्स, कनेक्टर यांच्यावर थेट नको, कारण वाफेचं शेवटी पाणीच होतं, आणि इलेक्ट्रिक गाडीत जास्त व्होल्टेजच्या केशरी वायरच्या जवळपास पण नको.

आपल्या पेपरात वाहनांवर लेख येतात त्यात पुढच्या वेळी नुसतं सुरक्षित आहे की नाही एवढंच न छापता अंतर किती, कुठला रंग, कुठे मारायची नाही हे सगळं छापा ही कळकळीची विनंती. आणि मशीन चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नका हे ठळक अक्षरात छापा, कारण वाफेचं कातडीवर पाणी होताना ती सगळी उष्णता तिथेच सोडते, उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं, आणि नोझलच्या अगदी तोंडाशी, जिथे ती सगळ्यात गरम असते, तिथे वाफ डोळ्यांना दिसत पण नाही. पांढरं दिसतं ते त्याच्या पुढे.

आपला,
एक नियमित वाचक