रविवारी मी फोन का उचलत नाही

प्रिय आई आणि बाबा,

हे फोनवर सांगायला घेतलं की आई तू मधेच रडायला लागतेस आणि बाबा तुम्ही "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देता, म्हणून टाइप करून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला वाचून दाखवताना मधलं मधलं गाळू नका. तुम्ही गाळता हे मला माहितीय, माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळी आजीला सगळे मार्क वाचून दाखवलेत आणि गणित तेवढं गाळलंत.

तर शेजारच्या काकूंनी माझं स्टेटस तुम्हाला दाखवलं. मी लाइफ जॅकेट घालून कयाकमधे बसलेय आणि मागे चार मुलगे दात काढतायत तो फोटो. त्यावर आईने विचारलं ही कोणाची मुलं, आणि बाबांनी विचारलं खाडी कुठली. मला इतकं हसू आलं ना, म्हणजे राग यायला हवा होता पण हसूच आलं.

खाडी भाट्याची. मुलं आमच्या क्लबची. आता सगळं सांगते.

मागच्या जूनमधे मी इथे रत्नागिरीत एक क्लब जॉइन केला. डोंगर, कातळाचे सपाट सडे, किल्ले, खाडी, पोहणं असं सगळं करणारा, 18 ते 35 वयाच्या मुलामुलींचा. चाळीसेक जण आहेत, त्यात निम्म्या मुली. कोणी बँकेत आहे, कोणी नर्स आहे, एक जण पोफळीची वाडी बघतो, एक ताई कॉलेजला शिकवते. एक रविवार सोडून एक असं कुठेतरी जातो. म्हणजे आठ महिने मी तुम्हाला "रविवारी ऑफिसचं काम आहे" असं सांगितलं ते खोटं होतं. सॉरी. आमचं ऑफिस रविवारी उघडत पण नाही, बाबांना ते आधीच कळलं असणार, तीस वर्षं एसटी चालवून माणूस खोटं बोलतोय का ते यांना आरशातून कळतं.

का जॉइन केला ते जरा लिहायला अवघड जातंय. मारुती मंदिरला रूम घेतली तेव्हा तुम्ही दोघं येऊन सगळं लावून दिलंत, गॅस, पाण्याची टाकी, देव, सगळं. तुम्ही गेलात आणि पुढची दोन वर्षं माझी अशी गेली की शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडले की सोमवारी सकाळपर्यंत मी एका माणसाशी बोलायचे, तो म्हणजे दूधवाला. ऑफिसमधले सगळे लग्न झालेले, रविवारी आपापल्या घरी. मी कपडे धुवायचे, डाळभात करायचे, मोबाइल बघत पडायचे, संध्याकाळी तुमचा फोन आला की आवाज जरा हसरा करून "मजेत" म्हणायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात ये मग केळशीला परत, किंवा ते स्थळ बघ. दोन्ही नको होतं. हे असं स्पष्ट लिहिल्याबद्दल रागावू नका.

आणि आई, दुसरं म्हणजे समुद्र. तुला पाण्याची भीती का आहे ते मला माहितीय, ते मी इथे लिहीत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की मी लाटांचा आवाज ऐकत मोठी झाले आणि 29 वर्षांची होईपर्यंत मला पोहता येत नव्हतं. क्लबमधे पहिल्या दिवशी विचारलं पोहता कोणाला येत नाही, तर हात वर करणाऱ्यात पुण्याहून बदली होऊन आलेला एक मुलगा आणि मी, केळशीची! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता येतं. तलावात शिकले, अडीच महिने लागले. पहिले कितीतरी दिवस फक्त पाठीवर पडून तरंगायचं, हातपाय मारायचेच नाहीत, कारण बुडणारा माणूस जास्त करून धडपडून दमतो म्हणून बुडतो. समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर निघायचं आणि मग आत यायचं, हे पण शिकवलं. आरे-वारेला पावसाळ्यात पर्यटक हसत हसत पाण्यात उतरतात ना, ते बघितलं की आता माझ्या पोटात गोळा येतो, अगदी तुझ्यासारखा.

आता त्या खाडीची गोष्ट. बाबा हे तुमच्यासाठी.

कोजागिरीला प्लॅन ठरला की संध्याकाळी साडेचारला कयाक घेऊन भाट्याच्या खाडीत निघायचं, तिवरांच्या मधून आत आत जायचं, पाण्यात बसून चंद्र उगवताना बघायचा आणि परत येऊन आटीव दूध. ग्रुपवर मेसेज आला आणि सगळ्यांनी बदाम टाकले. मी मेसेज वाचला आणि डोक्यात आपोआप सुरू झालं, पौर्णिमा म्हणजे 15, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, सव्वाअकराला भरती म्हणजे साडेपाचच्या आसपास पूर्ण सुकती, आणि ती पण उधाणाची, म्हणजे पाणी पार खाली जाणार. लहानपणी आई कालवं काढायला खडकावर जायची तेव्हा तुम्ही ओटीवर बसून तिथी विचारायचात आणि बोटं न मोजता वेळ सांगायचात, ते असं डोक्यात जाऊन बसलंय की मला ते गणित आहे हेच कधी वाटलं नव्हतं.

पण मी बोलले नाही. नवीन मुलगी, ज्यांच्याकडे ॲप आहे त्यांना काय शिकवणार. ॲप उघडलं सगळ्यांनी, पण त्यात चंद्र किती वाजता उगवतो तेवढंच बघितलं. पाण्याचं कोणी बघितलंच नाही.

सवापाचला आमच्या कयाक खाली घासायला लागल्या, साडेपाचला आठच्या आठ चिखलात. उतरून ढकलायला गेलो तर गुडघ्यापर्यंत आत, एकाची चप्पल गेली ती गेलीच, तिवरांच्या मुळ्या पायाला टोचतायत, डास असे की तोंड उघडायची सोय नाही. तेवढ्यात पलीकडून चिखलातले मुळे (शिंपले) काढून दोन बायका निघाल्या होत्या, डोक्यावर पाटी घेऊन आमच्याच समोरून टणाटणा चालत गेल्या, त्यांना बरोबर माहीत पाय कुठे टाकायचा. त्यातली एक थांबली आणि म्हणाली, "काय गो बाय, चिखलात होडी चालवता काय?" दुसरी इतकी हसली की तिला पाटी सावरावी लागली.

मग मी सांगितलं. म्हटलं आठ वाजेपर्यंत काही हलणार नाही, पाणी फिरलंय पण इथपर्यंत चढायला वेळ लागेल, बसा गप. आणि कसं माहीत म्हणून विचारलं तर पाऊणपट सांगितलं. शुक्ल असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजायचं, तिथीला पाऊणने गुणायचं, आली ती भरतीची वेळ, तिच्यापासून सहा तासांवर सुकती, आणि रोज पाऊण तास पुढे. लीडर आमचा इंजिनिअर आहे, तो चिखलात उभा राहून मोबाइलवर भरतीचा तक्ता काढून ताडून बघत होता, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! चंद्र वर आला, खाडीत पाणी नाही, नुसता चिखल चमकतोय, आणि खरं सांगू तो पण छान दिसत होता. साडेसातनंतर कयाक हलायला लागल्या. दूध रात्री दहाला प्यायलो, करपलेलं.

तेव्हापासून खाडीचा प्रोग्रॅम ठरवताना आधी मला तिथी विचारतात. तो फोटो नंतरच्या वेळचा आहे, सप्तमीचा, भांगाचं पाणी होतं म्हणजे भरती-सुकतीत फार फरक नाही, लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. पोहता येतं त्यांना पण.

किल्ल्यांचं फार लिहीत नाही, रसाळगडला गेलो होतो, झोलाईच्या देवळात झोपलो, थंडी मरणाची, मुली एका बाजूला मुलगे एका बाजूला (आई, वाचलंस ना?). पण सड्याचं सांगायलाच हवं. आपण कशेळीला कनकादित्याच्या देवळात किती वेळा गेलो, आईचा नवस, मग नवस फेडायला, मग मामीबरोबर. त्याच कशेळीच्या सड्यावर कातळात एक हत्ती कोरलेला आहे, साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात आणखी मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. हजारो वर्षांपूर्वीचा. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू असं सगळीकडे आहेत. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, कुठून सुरू झाला कळत नाही, फिरत फिरत सोंड सापडते मग पाय सापडतात. आपण तिथून जवळच बसून दहीपोहे खाल्ले होते. गुरं राखणाऱ्यांना माहीत होतं म्हणे पूर्वीपासून, फक्त आपल्यासारख्यांना नव्हतं. ऑगस्टमधे गेलो तर सगळ्या कातळावर सीतेची आसवं फुललेली, निळी जांभळी, पाय ठेवायला जागा नाही. मला सारखं वाटत होतं आईला आणायला पाहिजे, तिचे गुडघे तेवढे चालतील, सडा सपाटच असतो.

फुरशाचं बाबांनी विचारलंय. हो, सड्यावर असतात. बूट घालतो, दगडाच्या फटीत हात घालत नाही, अंधार पडला की बॅटरीशिवाय पाऊल नाही. आणि चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, भगताकडे तर नाहीच नाही, पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. लस मिळते तिथे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चौघांवर एकच चालते. हे सगळं एका शनिवारी शिकवलं, फर्स्ट एडचं ट्रेनिंग होतं.

त्याच दिवशी छाती दाबायचं पण शिकवलं. जमिनीवर एक रबरी पुतळा ठेवलेला, अर्धाच, डोकं आणि छाती. दोन्ही हात एकावर एक ठेवून छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 30 वेळा दाबलं की 2 वेळा श्वास, तोपर्यंत दुसऱ्याने 108 ला फोन. सगळे हसत खिदळत करत होते. माझा नंबर आला आणि मला एकदम ती रात्र आठवली, दोन वर्षांपूर्वीची, बाबांना चिपळूणला नेलं ती. मी रत्नागिरीत फोन हातात धरून बसले होते आणि आई एकटी तुमच्याजवळ, गाडी यायला पाऊण तास. मी इतक्या जोरात दाबत होते की शिकवणारे म्हणाले बास, बरोबर करतेयस, बास आता. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. आई, तुला मी हे शिकवणार आहे. काकूंना पण. नाही म्हणू नकोस, उशीवर शिकवते.

आणि नाही, त्या चार मुलांपैकी कोणी आवडलेला वगैरे नाही. एकाचं लग्न ठरलंय, एक फारच बोलतो, एकाची चप्पल गेली तो. चौथ्याचं माहीत नाही. म्हणजे काही नाही, असंच लिहिलं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. शिमग्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी क्लब वेळासला जाणार आहे, कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला. आजी सांगायची ना पूर्वी अंडी खणून न्यायचे लोक, आता तेच गाववाले राखण करतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यांच्याबरोबर 2002 च्या सुमारास हे सुरू केलं. पिल्लं सकाळी नाहीतर संध्याकाळी सोडतात, तळहाताएवढी पण नसतात. तिथून रविवारी दुपारी आम्ही 11 जण केळशीला जेवायला येतोय. तुम्ही नाही म्हणालात तर मी त्यांना दापोलीत जेवायला नेईन, पण म्हणू नका ना. आई, फार काही करू नकोस, भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि वाडीतले शहाळे बास. निसर्ग वादळात पडलेल्या माडांच्या जागी लावलेले माड बाबांनी त्यांना दाखवावेत, पोफळीवाल्या मुलाला फार उत्सुकता आहे, तो मला नेहमी विचारतो वादळानंतर तुमच्याकडे काय काय लावलं आणि मला सांगता येत नाही.

संध्याकाळी सगळ्यांना किनाऱ्यावर फिरायला जायचंय. मी भरतीची वेळ काढून ठेवलीय पण तुम्हाला सांगत नाही. बाबा, कालनिर्णय बघा, त्या रविवारची तिथी बघा आणि तुमची वेळ मला कळवा, बघू जुळते का.

तुमची
बाय

ता. क. आई, रविवारी आता फोन रात्री आठनंतर कर. तेव्हा मी घरी असते आणि आंघोळ झालेली असते.